आवळा, भाकरी आणि अंगातलं रक्त



उसाचा गाळप हंगाम आणि आवळ्याचा हंगाम हे दोन्ही हातात हात घालून येतात. इकडे कारखान्याचं धुराडं पेटतं, तिकडे कार्तिक शुद्ध नवमीला घरच्या बायका आवळीच्या झाडाची पूजा करतात आणि झाडाखाली पंगत मांडून जेवतात. तुळशीच्या लग्नात बोर आणि चिंचेसोबत आवळाही ठेवावाच लागतो. तेव्हापासून माघापर्यंत चिखली, मेहकर, मलकापूर अशा कोणत्याही आठवडी बाजारात जा, आवळ्याचे ढीग दिसतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, ज्ञानगंगेच्या रानात आणि उत्तरेकडे सातपुड्यात रानआवळा मुबलक आहे. फळ साधं, स्वस्त, पोराटोरांच्या खिशात मावणारं. म्हणूनच आपण त्याला किंमत देत नाही. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ या म्हणीतसुद्धा आवळा म्हणजे क्षुल्लक वस्तू!

या क्षुल्लक फळाचा पाठ आज आपण घेणार आहोत. आवळा खाल्ल्याने तारुण्य परत येतं किंवा दहा रोग पळतात, अशी जाहिरात इथे करायची नाही. एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. आपल्या घरातल्या बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि त्यावरच्या उपायांत जेवणातल्या आवळ्यालाही जागा आहे. ती कुठे आहे, किती आहे आणि आवळ्याचं काम कुठे संपतं, हे पाहू.

१. वैद्यांचा आवळा

संस्कृतात आवळ्याला आमलकी म्हणतात. त्याचं दुसरं नाव ‘धात्री’. धात्री म्हणजे दाई, मूल सांभाळणारी आई. तिसरं नाव ‘वयस्था’, म्हणजे वय टिकवून धरणारी. नावांवरूनच जुन्या वैद्यांचा या फळावर किती जीव होता ते कळतं.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत चिकित्सेचा भाग सुरू होतो तोच रसायनाच्या अध्यायाने. त्यातल्या पहिल्या प्रकरणाचं नावच ‘अभयामलकीय’ आहे. अभया म्हणजे हिरडा आणि आमलकी म्हणजे आवळा. च्यवनप्राशाची कृती याच प्रकरणात येते आणि तीत मोजून पाचशे आवळे सांगितले आहेत. वय टिकवणाऱ्या द्रव्यांत आवळा श्रेष्ठ, असा निर्वाळाही चरकाने दिला आहे.

आयुर्वेदात रस सहा : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. आवळ्यात यांपैकी खारट सोडून पाचही रस आहेत असं मानतात. आपल्या जिभेला आधी आंबट-तुरट लागतं, आणि वरून पाणी प्यायलं की तोंड गोड होतं. हा अनुभव प्रत्येकाने लहानपणी घेतलेला आहे. आंबट असूनही आवळा गुणाने थंड आणि पित्त शमवणारा, असं शास्त्र म्हणतं. हिरडा उष्ण, आवळा थंड, आणि त्यांच्या जोडीला बेहडा, असा तिघांचा मेळ म्हणजे त्रिफळा. त्रिफळा चूर्णाचा डबा आपल्या कितीतरी घरांच्या फडताळात सापडेल.

आता मुख्य गोष्टीकडे या. अंगातलं रक्त कमी होऊन माणूस फिकट पडतो, त्याला धाप लागते, त्या आजाराला आयुर्वेदात ‘पांडुरोग’ म्हणतात. चरकाने पांडुरोगाचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यात ‘धात्र्यरिष्ट’ नावाचं औषध आहे आणि त्यासाठी दोन हजार आवळ्यांचा रस घ्यायला सांगितलं आहे. त्याच अध्यायात ‘नवायस’ चूर्ण आहे. त्यात त्रिफळ्यासह नऊ औषधं आणि त्यांच्या जोडीला नऊ भाग लोखंडाची भुकटी. पुढच्या काळातल्या ग्रंथांत ‘धात्री लोह’ हे औषध येतं. नावातच आवळा आणि लोखंड एकत्र आहेत.

म्हणजे बघा, ज्या काळी रक्त तपासायची काचपट्टी नव्हती, हिमोग्लोबिन हा शब्दही जन्मला नव्हता, त्या काळी वैद्यांनी फिकट माणसाला लोखंड आणि आवळा एकत्र द्यायला सुरुवात केली होती. त्याचं कारण त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. आजच्या शास्त्राने वेगळ्या वाटेने जाऊन त्याचा काही भाग उलगडला आहे.

२. प्रयोगशाळेतला आवळा

जुन्या काळी जहाजावरचे खलाशी महिनोन्महिने समुद्रावर असत. ताजी भाजी नाही, फळ नाही. त्यांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जखमा भरत नसत, आणि शेवटी माणूस दगावे. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रज आरमारातल्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला संत्री आणि लिंबू मिळालं ती आठवड्याच्या आत उठून बसली. फळातलं ते गुणकारी द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व. ते ओळखण्याच्या कामासाठी हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या देशात १९३९-४० साली हिस्सार भागात मोठा दुष्काळ पडला. भाजीपाला नाहीसा झाला आणि लोकांना स्कर्व्हीने घेरलं. तेव्हा तिथे आवळा देण्यात आला आणि रोगी बरे झाले. आवळ्यात क जीवनसत्त्व आहे याचा तो धडधडीत पुरावा.

ते किती आहे? जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम असा आकडा असे आणि तोच अजून पुष्कळ ठिकाणी छापला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या तक्त्यात तो सुमारे २५० मिलिग्रॅम आहे. जात, जमीन आणि पिकण्याची वेळ यांप्रमाणे फरक पडतोच. आपण लहान आकडाच धरू. संत्र्यात ते ४०-५० च्या घरात असतं, म्हणजे आवळ्यात संत्र्याच्या पाचपट तरी झालं. मोठ्या माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम. मोठा कलमी आवळा एक, किंवा रानातले बारके तीन-चार आवळे खाल्ले की दिवसाचं काम झालं. पेरूतही हे जीवनसत्त्व भरपूर असतं, हे जाता जाता ध्यानात ठेवा.

३. रक्त कमी म्हणजे काय?

घरातल्या बाईला विचारा, ‘काय होतं?’ ती म्हणते, ‘काही नाही जी, थोडा थकवा हाये.’ पण आड-विहिरीवरून हंडा आणताना ती मध्येच टेकते. चार पायऱ्या चढली की छाती धडधडते. नखं पांढरी, डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी. काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. लेकरू अभ्यासात मागे पडतं, सारखं आजारी पडतं. यालाच आपण ‘अंगात जीव नाही’ असं म्हणतो आणि सोडून देतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांचं रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे मधल्या काळात रस्ते झाले, दुकानं वाढली, घरोघरी टीव्ही आला, आणि रक्त मात्र उतरलं. दोन बायकांपैकी एकीचं रक्त कमी, असं हे चित्र आहे. सभासद बंधूंनो, आपल्या घरात आई, पत्नी, सून, मुलगी मिळून चार बायका असतील, तर त्यांतल्या दोघी यात असू शकतात.

बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं, गरोदरपणी ११ च्या वर, आणि पुरुषाचं १३ च्या वर. ते घसरलं की बाळंतपणात धोका वाढतो. थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी अशा बाईचा जीव टांगणीला लागतो. बाळ वजनाने कमी जन्मतं. म्हणून ‘थोडा थकवा’ ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हे.

४. भाकरीचा हिशेब

आपण ऊस तोलतो, उतारा मोजतो, पहिल्या हप्त्याचा पै-पैचा हिशेब करतो. तसाच थोडा लोहाचा हिशेब करू.

मोठ्या बाईला रोज जेवणातून २९ मिलिग्रॅम लोह मिळावं असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितलं. पुरुषाला १९. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असतं. दिवसाला पाव किलो पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर १० मिलिग्रॅम झालं. डाळ, हरभरा, मेथी, शेंगदाणे यांतून आणखी काही. गुळाचं नाव सगळे घेतात, पण दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच लोह मिळतं. गूळ चांगलाच आहे, पण नुसत्या गुळाने रक्त भरत नाही.

खरी गोम पुढे आहे. पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात जात नाही. धान्य आणि डाळीतलं लोह शंभरातलं पाच-सातच अंगी लागतं. बाकीचं जसं आलं तसं निघून जातं. कारण धान्याच्या कोंड्यात अशी द्रव्यं असतात जी लोहाला धरून ठेवतात. जेवणावर लगेच चहा घेतला की चहातलं तुरट द्रव्यही लोहाला पकडतं. म्हणजे शेतात ऊस उभा आहे, पण कारखान्यापर्यंत गाडीच पोचत नाही, अशी गत.

ही गाडी पोचवायला क जीवनसत्त्व मदत करतं. जेवणात ते असलं की लोहाचं रूप पालटून ते आतड्यात सहज शोषलं जाईल असं होतं आणि कोंड्यातल्या द्रव्यांची पकड ढिली पडते. त्याच भाकरीतलं लोह दुप्पट, कधी तिप्पट अंगी लागू शकतं. भाकरी तीच, खर्च तोच, फक्त शेजारी एक आंबट फळ आलं. मात्र ते त्याच जेवणात हवं. सकाळी उपाशीपोटी आवळा खाल्ला आणि भाकरी दुपारी, तर क जीवनसत्त्व मिळालं, पण भाकरीतल्या लोहाला त्याचा उपयोग झाला नाही. या पाठातली मुख्य गोष्ट हीच : आवळा ताटात घ्या.

एक बारकावाही सांगायला हवा. आवळ्यात तुरट द्रव्यही आहे, आणि तुरट द्रव्य लोहाला धरतं. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळाभोर होतो, तो त्यामुळेच. तो काळा लेप केसांना लावायला उत्तम, पण त्यातून पोटाला लोह मिळेल असा भरवसा धरू नये. त्यासाठी आवळा शिजवायला आणि साठवायला स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्यावं. तांब्या-पितळेचं तर मुळीच नको. शिवाय एकट्या आवळ्यावर भिस्त न ठेवता कधी लिंबू पिळावं, कधी पेरू खावा, कधी कोथिंबीर-टमाट्याची कोशिंबीर करावी. भाकरी मात्र लोखंडी तव्यावरच भाजावी.

५. ताटात कसा घ्यावा?

क जीवनसत्त्व नाजूक असतं. उष्णतेने, हवेने आणि फार वेळ पाण्यात ठेवल्याने ते कमी होतं. म्हणून जेवढा ताजा आणि कच्चा, तेवढा चांगला.

(१) फोडी : आवळ्याच्या फोडी, चवीला किंचित मीठ. लेकरांना हे सगळ्यात आवडतं.

(२) ठेचा : किसलेला आवळा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, जिरं. खलबत्त्यात कुटायचा. भाकरीबरोबर दुसरं कालवण नसलं तरी चालतं.

(३) कोशिंबीर : मुळा किंवा गाजर किसून त्यात थोडा आवळा किसायचा. वरून दाण्याचं कूट.

(४) वरणात : वरण चुलीवरून उतरवल्यावर आवळ्याचा कीस घालायचा, उकळताना नव्हे.

(५) लोणचं आणि मिठाच्या पाण्यातला आवळा : हंगाम संपल्यावर कामी येतो. ताज्याएवढा गुण राहत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मिठामुळे हात आखडता घ्यावा.

(६) वाळवण : आवळकाठी करायची असेल तर कीस पातळ करून सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. कडक उन्हात नुकसान जास्त होतं.

माणशी रोज एक मोठा आवळा पुरे. जेवणानंतर चहा किमान तासभर लांबवावा. आंबटाने दात आंबतात, म्हणून आवळा खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी.

६. मोरावळा, च्यवनप्राश आणि आपली साखर

आपण ऊस पिकवणारी माणसं. साखरेविरुद्ध बोलणं आपल्या तोंडी शोभत नाही, असं कुणी म्हणेल. पण आरोग्याच्या पाठात खरं तेच सांगितलं पाहिजे. मोरावळ्यात आवळ्याइतकी, बहुधा आवळ्याहून जास्त साखर असते. शिवाय आवळे वाफवून पाकात मुरवलेले असतात, त्यामुळे क जीवनसत्त्वही बरंच गेलेलं असतं. बाजारच्या च्यवनप्राशातही साखरेचा वाटा मोठा असतो. सणावारी, पाहुण्यारावळ्यांसाठी, दुबळ्या लेकराला चमचाभर म्हणून मोरावळा छान. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र ‘आवळा आहे ना, मग चालतो’ म्हणून वाटीभर मोरावळा खाऊ नये. त्यांनी ताजा आवळा खावा, तोही आपल्या गोळ्या चालू ठेवून. आवळ्याने रक्तातली साखर आणि चरबी थोडी उतरते असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे, पण त्या भरवशावर औषध बंद करण्याएवढा तो पुरावा पक्का नाही.

७. कोणी जपून राहावं?

पहिलं सांगणं आपल्या घाटाखालच्या सभासदांना. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत, खारं पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार ही वर्षानुवर्षांची तक्रार आहे. ज्यांचं मूत्रपिंड दुबळं झालं आहे किंवा ज्यांना वारंवार मुतखडा होतो, त्यांनी आवळ्याचा रस ग्लासभर पिण्याचा उद्योग करू नये. जास्तीच्या क जीवनसत्त्वातून शरीरात ऑक्झलेट तयार होतं आणि तेच खड्याचं एक मूळ आहे. अशा रोग्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच आवळा घ्यावा. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय होत नाही’ हे वाक्य फार धोक्याचं आहे. प्रमाण सोडलं की अमृताचंही विष होतं.

दुसरे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधं घेणारे. त्यांनी रोजचा रस किंवा चूर्ण सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांच्या कानावर घालावं. तिसरे, ज्यांना आंबटाने छातीत जळजळतं ते. त्यांनी आवळा जेवणातच आणि थोडाच घ्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रक्त कमी असण्याचं कारण नेहमी जेवणच असतं असं नाही. शेतात अनवाणी चालल्याने पायातून शिरणारे आकडे-कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. पाळीत जास्त अंगावर जाणं हे मोठं कारण आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे आणि त्याचा उपचार वेगळा असतो. पुरुषाचं किंवा म्हाताऱ्या माणसाचं रक्त कमी झालं तर पोटात कुठे आतल्या आत रक्त जातंय का, हे बघावं लागतं. म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं.

रक्त कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. गरोदर बाईला निदान १८० दिवस रोज एक गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह, असा सरकारी कार्यक्रम आहे. उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे ती फुकट मिळते. पुष्कळ बायका चार दिवस घेतात आणि ‘शौचाला काळं होतं, मळमळतं’ म्हणून डबीत टाकून देतात. काळं होणं हे लोहामुळेच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर, रात्री झोपताना घ्यावी. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, दुधा-चहाबरोबर नको. ६० मिलिग्रॅमच्या गोळीचं काम एकटा आवळा करू शकत नाही. आवळा हा गोळीचा सोबती, गोळीच्या बदली नव्हे.

८. बांधावर दोन झाडं

उसाच्या पाण्याची ओढाताण आपण सगळेच जाणतो. आवळीला पाणी फार लागत नाही. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात जगवली की पुढे ती हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरते. थोड्या खारवट जमिनीतही ती इतर फळझाडांपेक्षा बरी येते. महाराष्ट्र सरकारने १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, तेव्हापासून कोरडवाहू भागांत कलमी आवळा पसरला. कृष्णा, कांचन, चकैया, एनए-७ या त्याच्या परिचित जाती.

दोन गोष्टी सांभाळा. एक, एकाच जातीची झाडं लावली तर फळधारणा नीट होत नाही, म्हणून निदान दोन वेगळ्या जाती जवळजवळ लावा. दुसरी, पाणी साचणारी जागा नको. उसाच्या पाटाला लागून, सदा ओल असलेल्या जागी आवळी लावू नका. बांधावर किंवा विहिरीच्या काठच्या उंचवट्यावर लावा. आवळीला फुलं येतात वसंतात, पण फळ उन्हाळाभर झोपलेलं असतं आणि पावसाळ्यात वाढीला लागतं. म्हणून ‘फूल आलं पण फळ दिसेना’ असं म्हणून झाड तोडू नका. विक्रीची सोय पाहिल्याशिवाय एकरभर बाग लावण्याचाही सल्ला नाही. घरापुरती दोन झाडं, एवढंच सांगणं आहे.

९. आवळा कोपीपर्यंत जाऊ द्या

दरवर्षी आपल्या फडात कोयता घेऊन जोडपी येतात. पहाटे थंडीत मोळ्या बांधणारी, डोक्यावरून गाडीत ऊस भरणारी बाई, तिच्या कडेवरचं पोर, हेही आपल्या हंगामाचा भाग आहेत. त्या कोपीत रात्रीची भाकरी आणि चटणी, एवढंच जेवण पुष्कळदा असतं. पोटूशी बाईही फडात उतरते. तिच्या अंगातलं रक्त कोणी तपासत नाही, कारण ती आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात.

ज्यांच्या बांधावर आवळी आहे त्या सभासदांनी तोडीच्या दिवशी पाटीभर आवळे कोपीवर पोचवले तर काय बिघडेल? बाजारातून पाच किलो आणले तरी फार पैसे पडत नाहीत. त्याबरोबर टोळीच्या मुकादमाला एवढं सांगा, की गरोदर बायका आणि लहान मुलं यांना जवळच्या उपकेंद्रात एकदा नेऊन आण. गोळ्या आणि जंताचं औषध तिथे फुकट आहे. आपला ऊस वेळेवर तुटावा ही आपली गरज आहे, तर तोडणारीच्या अंगात बळ असावं हीही आपलीच गरज आहे.

पाठाचा सारांश

(१) आवळा जेवणात, भाकरीबरोबर खावा. रोज एक मोठा किंवा तीन-चार बारके.
(२) कच्चा आणि ताजा उत्तम. लोणचं, वाळवण त्यानंतर.
(३) जेवणानंतर तासभर चहा नको.
(४) मोरावळा हा गोड पदार्थ समजावा, औषध समजू नये.
(५) मूत्रपिंडाचा विकार, मुतखडा, रक्त पातळ करण्याची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारावं.
(६) घरातल्या प्रत्येक बाईचं आणि मुलाचं रक्त वर्षातून एकदा तपासावं. लोहाची गोळी सुरू झाली तर मध्येच सोडू नये.
(७) पायात चप्पल, वर्षातून दोनदा जंताचं औषध.

आपल्यापैकी बहुतेक घरांत अजूनही बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसते. कढईत उरलंसुरलं तिच्या वाट्याला येतं. भाजी संपलेली असते, डाळ पातळ झालेली असते. म्हणून या हंगामात आवळे आणाल तेव्हा एक आवळा आधीच तिच्या नावाने बाजूला काढून ठेवा. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणा. वजनकाट्यावर गाडी गेली की आपण पावती नीट जपून ठेवतो. तशी तिच्या तपासणीची चिठ्ठीही जपून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामात आकडा चढला की उतरला, ते कळेल.